जेन ॲडम्स

शाळा सुटल्यावर घराच्या दाराला कुलूप दिसले, तर तुम्ही शेजारच्या काकूंच्या ओसरीवर किंवा देवळाच्या आवारात जाऊन बसाल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिकागो शहराच्या गरीब वस्तीतील मुलांना असा आसरा नव्हता. तो ज्यांनी उभा केला, त्या जेन ॲडम्स यांचे हे अल्पचरित्र.

त्यांचा जन्म ६ सप्टेंबर १८६० रोजी अमेरिकेतील इलिनॉय राज्यात, सीडरव्हिल या खेड्यात झाला. वडील गिरणीमालक, विधिमंडळाचे सभासद आणि अब्राहम लिंकन यांचे स्नेही होते. जेन दोन वर्षांची असतानाच आई निवर्तली. आजारामुळे पाठीचा कणा वाकलेला असल्याने ही मुलगी चारचौघांत संकोचाने वावरे. सात वर्षे पुरी होण्यापूर्वीच एकदा वडिलांबरोबर गावाला गेली असता तिने गरिबांची कोंदट खुराडी पाहिली. मोठेपणी मी मोठे घर बांधीन, पण ते अशाच लहान घरांच्या मधोमध, असे तिने वडिलांना सांगून टाकले.

हे घर उभे राहण्यास पुष्कळ काळ लागला. १८८१ साली शिक्षण पुरे झाले आणि त्याच साली वडील वारले. वैद्यकीचा अभ्यास प्रकृतीमुळे सुटला. पुढे युरोपचा प्रवास घडला. पण सुखवस्तू जीवनाचा त्यांना उबग येऊ लागला होता. १८८८ साली लंडनच्या पूर्व भागातील टॉयन्बी हॉल त्यांनी पाहिला. विद्यापीठातून बाहेर पडलेले तरुण तेथे गरिबांच्या शेजारी राहून कार्य करीत. सप्टेंबर १८८९ मध्ये एलन गेट्स स्टार या मैत्रिणीसह त्यांनी शिकागोच्या हॅल्स्टेड रस्त्यावरील एका जुन्या घरात बिऱ्हाड केले. हेच ते हल हाऊस.

आसपास इटालियन, ग्रीक, आयरिश, जर्मन आणि रशियातून आलेली ज्यू कुटुंबे दाटीवाटीने राहत. आईबाप पहाटेपासून कामावर आणि मुले मात्र एकटी. आरंभीच्याच दिवसांत जेनबाईंना तीन पंगू मुले भेटली. एक तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून पडले होते, दुसरे भाजले होते. तिसऱ्याची कथा तर ऐकवत नाही. ते कुठे जाऊ नये म्हणून आई त्याला दिवसभर स्वयंपाकघरातील टेबलाच्या पायाला बांधून ठेवी. दुपारी मोठा भाऊ कारखान्यातून धावत येऊन त्याच्याबरोबर चार घास खाई, तेवढीच सुटका! अशाने त्याचा कणा वाकला. ज्या बाईने स्वतः तसाच कणा जन्मभर वागवला, तिला ते पाहून काय वाटले असेल? त्या आईला निर्दय म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. तिच्यापुढे दुसरा मार्गच नव्हता.

हल हाऊसच्या दिवाणखान्यात बालवर्ग भरू लागला, लहानग्यांसाठी पाळणाघर निघाले. शाळा सुटल्यावर थोरल्या मुलांची मंडळे जमत. कुणी गोष्टी ऐके, कुणी सुतारकाम, शिवण वा चित्रकला शिके. १८९३ साली संगीतशाळा सुरू झाली. सगळेच बेत साधले असे मात्र नाही. पौष्टिक अन्नाचे सार्वजनिक स्वयंपाकघर शेजाऱ्यांना मुळीच रुचले नाही. त्यांना आपल्या आवडीचेच जेवण हवे होते. पहिल्या नाताळात खाऊ वाटू लागताच काही मुलींनी तो नाकारला. त्या मिठाईच्या कारखान्यात सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत राबत होत्या आणि मिठाईचे दर्शनही त्यांना नकोसे झाले होते. चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यात कामास लावू नये, असा कायदा १८९३ साली इलिनॉयमध्ये झाला, त्यामागे हल हाऊसच्या मंडळींची खटपट होती.

जवळच्या काही पडक्या चाळींची जागा एका तरुण मालकाने विनामूल्य दिली. त्या पाडून तेथे क्रीडांगण करण्यात आले. शिकागोतील आरंभीच्या सार्वजनिक क्रीडांगणांपैकी ते एक होय. जेनबाईंना खेळ ही चैन वाटत नसे. रस्त्यावर चेंडू खेळला, रेल्वेच्या रुळांवरचा कोळसा उचलला, एवढ्यावरून मुले पोलिसांच्या हाती सापडत. शहर तरुणांचे श्रम विकत घेते, मग त्यांच्या करमणुकीची सोय दारूच्या गुत्त्यांवर का सोपवते, असा त्यांचा रोकडा सवाल असे. १८९९ साली शिकागोत अमेरिकेतील पहिले बालन्यायालय स्थापन झाले. त्यातही हल हाऊसचा मोठा वाटा होता. १९०९ साली शहरातील तरुणांविषयी त्यांनी एक ग्रंथच लिहिला.

पहिल्या महायुद्धाला विरोध केल्यामुळे त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. १९३१ साली मात्र त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. २१ मे १९३५ रोजी त्यांचे निधन झाले. हल हाऊस तोवर तेरा इमारतींचे झाले होते. १९६० च्या दशकात विद्यापीठाला जागा हवी म्हणून त्यांतील बहुतेक पाडण्यात आल्या. मूळचे घर आणि भोजनगृह तेवढे उरले असून तेथे आता संग्रहालय आहे.