गायनाचार्य विष्णु दिगंबर

आषाढी वारीच्या दिवसांत शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी बीड जिल्ह्यातील परळी वैजनाथ, अंबाजोगाई या गावांवरून पंढरीकडे जाते. टाळमृदंगाच्या साथीने शेकडो वारकरी एका सुरात अभंग म्हणू लागले, की वाटेवरच्या माणसाचा कंठही नकळत त्यांत मिसळतो. भजनात असा सर्वांचाच वाटा असे. रागदारी गायन मात्र दीर्घकाळ राजेरजवाड्यांच्या मैफलींत कोंडून राहिले होते. ते बहुजनांच्या कंठी यावे म्हणून ज्यांनी आपले आयुष्य वेचले, ते गायनाचार्य पंडित विष्णु दिगंबर पलुसकर होत.

त्यांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. वडील दिगंबरबुवा कीर्तनकार असल्यामुळे सुरांची ओळख घरातच झाली. लहानपणी दत्तजयंतीच्या उत्सवात चेहऱ्याजवळ फटाका उडाला आणि विष्णूची दृष्टी कायमची अधू झाली. शाळा सुटली. तेव्हा डोळ्यांवर फारशी अवलंबून नसलेली विद्या म्हणून त्याला मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकण्यास पाठविण्यात आले. तेथे त्याने कित्येक वर्षे गुरुसेवा व कठोर साधना केली.

त्या काळी गवयाच्या कलेचे कौतुक होई, पण गवयाला मान नसे. मिरजेतील एका समारंभाचे आमंत्रण विष्णुबुवांना आले. त्यांच्या गुरूंना मात्र, ते केवळ गवई म्हणून, बोलावणे नव्हते, असे सांगतात. हे शल्य त्यांच्या मनात खोल रुतले. गायकाला व गायनाला प्रतिष्ठा मिळवून देण्याचा निश्चय करून १८९६ साली त्यांनी मिरज सोडली.

देशभर हिंडून त्यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. आरंभी विद्यार्थी फिरकेनात. तरीही बुवा नेमाने तंबोरा घेऊन बसत, असे म्हणतात. हळूहळू विद्यार्थी जमले. पूर्वी गुरू एखाद्या शिष्याला मुखोद्गत विद्या देई, आणि पुष्कळदा ती गुप्तही ठेवी. बुवांनी स्वरलिपी तयार केली, पुस्तके छापविली, वर्ग भरविले. त्यामुळे अनेक विद्यार्थी एकच चीज एकाच वेळी शिकू लागले व एकसुरात गाऊ लागले. ज्याची स्वतःची दृष्टी अधू, त्यानेच इतरांसाठी सूर कागदावर आणले!

१९०८ साली त्यांनी मुंबईतही विद्यालय काढले. राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनांत त्यांची गीते गुंजत. रामधून त्यांनी घरोघर पोहोचविली. परंतु विद्यालयाच्या इमारतीसाठी काढलेले कर्ज फिटेना. अखेर ती इमारत विकली गेली. बुवा खचले नाहीत. त्यांनी नाशिकला आश्रम काढून रामनामाचा प्रसार व शिष्यांचे अध्यापन चालूच ठेवले. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस त्यांचे देहावसान झाले.

इमारत गेली, पण शिष्य राहिले. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास यांनी गुरूंची विद्या देशभर नेली. नारायण मोरेश्वर खरे तर १९३० च्या दांडीयात्रेत महात्मा गांधींसोबत चालले व त्यांनी यात्रेकरूंकडून प्रार्थना म्हणवून घेतली. मुलांनो, शाळेत प्रार्थनेला उभे राहून सर्वांच्या सुरात आपला सूर मिळवाल, तेव्हा या अधू दृष्टीच्या गायनाचार्यांचे स्मरण अवश्य करा.