मातीतून मॅटवर : ऑलिंपिकवीर खाशाबा

कृष्णाकाठच्या सातारा-सांगली परिसरात कुस्ती हा केवळ खेळ नव्हे, तो गावाच्या अब्रूचा विषय असतो. जत्रेच्या फडात नारळावर सुरू होणाऱ्या कुस्त्या मानाच्या कुस्तीपर्यंत जातात आणि जिंकलेल्या मल्लाला गाव खांद्यावर घेऊन नाचते. याच मातीने स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिले. तो मल्ल म्हणजे खाशाबा दादासाहेब जाधव.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावी १५ जानेवारी १९२६ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांत धाकटे असलेल्या खाशाबांना कुस्तीचे पहिले धडे घरातच मिळाले. कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलमध्ये ते शिकत होते, तेव्हा आजच्या सांगलीचा मोठा भाग सातारा जिल्ह्यातच होता आणि बेचाळीसच्या लढ्याने हा सारा मुलूख पेटला होता. शाळकरी खाशाबाही त्या चळवळीपासून दूर राहिले नाहीत. पुढे शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात आले आणि कुस्तीच्या पंढरीत त्यांच्या खेळाला धार चढली.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते कोल्हापूरच्या महाराजांच्या आर्थिक साहाय्याने गेले. तेथे त्यांची गाठ पडली ती मॅटशी. मातीतील कुस्ती आणि मॅटवरील कुस्ती यांत मोठे अंतर आहे. मातीत पाय रुततो, लांग धरता येते आणि समोरच्याला चितपट केल्याखेरीज निकाल लागत नाही. मॅटवर कपड्याला हात लावण्याची सोय नाही, घड्याळ सतत धावत असते आणि गुणांवरही कुस्ती जाते. तिथे चपळाई हवी. डाव टाकताना प्रतिडावाचा बंदोबस्त हवा आणि पहिला डाव अडला, तर क्षणात दुसरा सुचायला हवा. रीस गार्डनर या परदेशी प्रशिक्षकाने त्यांना या कुस्तीचे तंत्र शिकविले. मॅटचा फारसा सराव नसतानाही खाशाबा फ्लायवेट गटात सहावे आले. हे यश लहान नव्हते, पण त्यांचे समाधान झाले नाही. परतल्यावर त्यांनी मेहनत वाढविली. प्रतिस्पर्ध्याची मान बगलेत जखडून त्याला आपटणारा ढाक हा त्यांचा हुकमी डाव. मातीतला हा डाव त्यांनी मॅटवरही आपलासा केला.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी निवड होण्यापूर्वीच त्यांना अन्यायाशी झगडावे लागले. निवडीत आपल्याला डावलल्याची दाद त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे मागितली. पुन्हा कुस्ती झाली आणि ती जिंकून त्यांनी संघातील जागा मिळविली. मग प्रश्न उभा राहिला पैशाचा. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. शिष्यासाठी स्वतःचे छप्पर पणाला लावणारा असा गुरू विरळाच.

हेलसिंकीत ते ५७ किलोच्या बँटमवेट गटात उतरले. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना त्यांनी हरविले. जपानच्या शोहाची इशीविरुद्धची कुस्ती दीर्घकाळ चालली आणि खाशाबा थोडक्यात हरले. त्यानंतर पुरेशी विश्रांती न मिळताच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोव्हशी लढावे लागले. नियमावर बोट ठेवून त्यांची बाजू मांडणारा भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता. थकलेल्या खाशाबांची ती कुस्ती गेली, तरी कांस्यपदक त्यांनी निश्चित केले. कोल्हापूरचेच केशव मानगावे याच स्पर्धेत वरच्या वजनगटात चौथे आले.

कऱ्हाडला परतल्यावर शंभरहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मात्र सत्कारांत रमण्याऐवजी खाशाबांनी कुस्त्यांचे फड लावले आणि त्या उत्पन्नातून प्राचार्यांचे पैसे फेडले. पदकाइतकेच हे कर्जफेडीचे मोल त्यांच्या स्वभावाची साक्ष देते.

१९५५ मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक झाले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे पुढचे ऑलिंपिक हुकले. सुमारे सत्तावीस वर्षे नोकरी करून ते सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले आणि १४ ऑगस्ट १९८४ रोजी कऱ्हाडजवळ रस्ते अपघातात त्यांचे निधन झाले. हयातीत त्यांना मोठा राष्ट्रीय सन्मान लाभला नाही. अर्जुन पुरस्कार आला तो त्यांच्या मृत्यूनंतर, या शतकाच्या उंबरठ्यावर. दुसरे वैयक्तिक पदक देशाला मिळण्यासाठी १९९६ साल उजाडावे लागले. म्हणजे तब्बल चव्वेचाळीस वर्षे खाशाबा त्या यादीत एकटेच होते आणि त्यांतली बत्तीस वर्षे ते आपल्यातच वावरत होते!

आता त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. हे उचितच आहे. परंतु आजही एखाद्या खेड्यातल्या तालमीत मॅटविना सराव करणारा पोरगा असेल, तर त्याच्यासाठी कोणा प्राचार्याला घर गहाण टाकावे लागू नये, एवढी दक्षता घेणे हेच खाशाबांचे खरे स्मारक ठरेल.