जोतीरावांनी सांगितलेले मातीचे गणित

महात्मा जोतीराव फुले (१८२७–१८९०) यांना मुलींच्या शाळेमुळे सगळे ओळखतात. पण पुण्यातल्या या माळ्याच्या मुलाला मातीही कळत होती. डोंगरावरचा पालापाचोळा आणि जनावरांची विष्ठा पावसाबरोबर शिवारात उतरते आणि पिकाला खत मिळते, हे त्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये मांडले. जंगलखात्याने राने बंद केल्यामुळे शेतकऱ्यांची गुरे चाऱ्याला मुकली, हेही सुनावले. माती वाहून जाऊ नये, पाणी मुरावे, म्हणून सरकारने लष्कर आणि पोलिसांकडून बांधबंधारे घालून घ्यावेत, असा उपाय सुचवला. सल्ला सरकारला होता, पण नुकसान शेतकऱ्याचे होत होते. म्हणून जुन्नर, ओतूर, हडपसर अशा गावी त्यांनी हा ग्रंथ लोकांना वाचून दाखवला. निरक्षरांनाही तो ऐकून समजला.