डॉ. लुडविग गुटमान : दर दोन तासांनी एक कूस



ऑलिम्पिक आटोपले की काही दिवसांनी पॅरालिम्पिक स्पर्धा भरतात. चाकांच्या खुर्चीवरून बास्केटबॉल खेळणारे, बसून भाला फेकणारे खेळाडू आपण टीव्हीवर पाहतो. या स्पर्धांची सुरुवात इंग्लंडमधील एका रुग्णालयात झाली. पाठीचा कणा मोडलेल्या सैनिकांना मरणातून परत आणणाऱ्या शुश्रूषेतून त्या जन्माला आल्या. ती शुश्रूषा ज्यांनी हट्टाने घडवली, त्या डॉ. लुडविग गुटमान यांचा परिचय आम्ही या अंकात करून देत आहोत.

गुटमान यांचा जन्म ३ जुलै १८९९ रोजी टोस्ट या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. हे गाव तेव्हा जर्मनीत होते, आज ते पोलंडमध्ये आहे. सारा मुलूख कोळशाच्या खाणींचा. १९१७ साली, पहिले महायुद्ध चालू असताना, तरुण लुडविग अपघातग्रस्तांच्या रुग्णालयात मदतनीस म्हणून काम करीत होता. तेथे एक धडधाकट खाणकामगार आणला गेला. त्याचा पाठीचा कणा मोडला होता. त्याला प्लास्टरमध्ये बंद करून पडद्याआड ठेवण्यात आले. हा काही आठवड्यांचाच सोबती आहे, त्याच्याविषयी फार लिहून ठेवण्याची गरज नाही, असे लुडविगला सांगण्यात आले. झालेही तसेच. पाचएक आठवड्यांत तो माणूस गेला. पण लुडविगच्या मनातून तो शेवटपर्यंत गेला नाही.

तो कशाने गेला, हे नीट समजून घेऊ. कण्यातून मज्जारज्जू जातो. तो तुटला की खालच्या अंगाची हालचाल थांबते आणि जाणीवही जाते. आपण झोपेतसुद्धा कूस बदलतो, कारण अंग अवघडले की शरीर तशी सूचना देते. या रोग्याला ती सूचना मिळतच नाही. तासन्‌तास एकाच जागी पडून राहिल्याने हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली जाते, तिचा रक्तपुरवठा तुटतो आणि ती मरते. जखम हाडापर्यंत पोचते आणि तिचे विष रक्तात भिनते. दुसरा धोका लघवीचा. मूत्राशयावर ताबा नसल्याने लघवी साचते, त्यात जंतू वाढतात आणि ते मूत्रपिंडापर्यंत जातात. म्हणजे माणूस मोडलेल्या कण्याने मरत नसे, नंतरच्या या दोन गुंतागुंतींनी मरत असे. त्यात वरून प्लास्टर घातले की आतली जखम कोणाला दिसतही नसे.

पुढे गुटमान डॉक्टर झाले. ब्रेस्लाऊ शहरात ओटफ्रिड फोर्स्टर या नामवंत तज्ज्ञांच्या हाताखाली त्यांनी मज्जासंस्थेच्या शस्त्रक्रिया आत्मसात केल्या. १९३३ साली नाझी सत्तेवर आले आणि ज्यू डॉक्टरांना सरकारी रुग्णालयांची दारे बंद झाली. गुटमान ज्यू रुग्णालयात काम करू लागले व १९३७ साली त्याचे प्रमुख झाले. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री देशभर ज्यूंची प्रार्थनामंदिरे आणि दुकाने जाळली गेली. त्या रात्री दाराशी येईल त्या प्रत्येकाला दाखल करून घ्या, असा हुकूम गुटमान यांनी सोडला. दुसऱ्या दिवशी गुप्त पोलीस चौकशीला आले. गुटमान त्यांना खाटेखाटेपाशी घेऊन गेले आणि प्रत्येकाला कोणता ना कोणता आजार असल्याचे पटवत राहिले. ६४ जणांपैकी ६० जण त्यामुळे अटकेतून वाचले.

मार्च १९३९ मध्ये पत्नी आणि दोन मुलांसह ते इंग्लंडला पोचले. ऑक्सफर्डमध्ये त्यांना संशोधनाचे काम मिळाले, पण रोगी हाताखाली नव्हते. ती संधी युद्धाने दिली. फ्रान्सच्या किनाऱ्यावर फौजा उतरवायच्या, तर कण्याला इजा झालेले जखमी मोठ्या संख्येने येणार, हे ब्रिटिश सरकारने ओळखले होते. आयल्सबरीजवळच्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात त्यांच्यासाठी खास केंद्र काढायचे ठरले. हे काम म्हणजे हरलेली लढाई, असेच बहुतेक डॉक्टर मानत होते. गुटमान यांनी ते स्वीकारले. आपल्या पद्धतीत कोणी ढवळाढवळ करायची नाही, एवढी अट घातली. १ फेब्रुवारी १९४४ रोजी केंद्र सुरू झाले.

त्यांनी काय केले? पहिली गोष्ट म्हणजे प्लास्टर काढून टाकले. उशांच्या आधाराने रोग्याला ठेवायचे आणि दर दोन तासांनी, दिवसा व रात्रीही, त्याची कूस बदलायची, असा नियम केला. अंग न वळता, कण्याला धक्का न लागता हे करायचे तर काही जणांनी मिळून एकाच वेळी उचलावे लागते. दर खेपेस कातडी तपासायची, ओली राहू द्यायची नाही, लाल डाग दिसला तर त्या अंगावर ठेवायचे नाही. लघवीची नळी घालण्याचे काम त्यांनी डॉक्टरांवर सोपवले आणि त्यात निर्जंतुकपणाचा कटाक्ष ठेवला. रात्री-अपरात्री ते स्वतः वॉर्डात येऊन पाहत असत. सुरुवातीला कर्मचारी वैतागले. मरणाऱ्याला इतके का छळावे, असे पुष्कळांना वाटे. पण जखमा भरून येऊ लागल्या, ताप उतरू लागले, आणि वाचणार नाहीत असे मानलेले जवान खाटेवर उठून बसू लागले.

वाचलेल्या माणसाने पुढे करायचे काय, हा प्रश्न मग उभा राहिला. नुसते खाटेवर जगवणे गुटमान यांना मान्य नव्हते. त्यांनी रोग्यांना सुतारकाम, घड्याळदुरुस्ती असे उद्योग शिकायला लावले. हातात चेंडू दिले, धनुष्य दिले. खेळाने दंड आणि खांदे बळकट होतात, तोल सांभाळता येतो आणि मनाची मरगळ जाते, हा त्यांचा अनुभव होता. २९ जुलै १९४८ रोजी लंडनमध्ये ऑलिम्पिकचे उद्घाटन झाले. त्याच दिवशी स्टोक मँडेव्हिलच्या हिरवळीवर १६ अपंग माजी सैनिक स्त्री-पुरुषांची धनुर्विद्येची स्पर्धा झाली. १९५२ साली हॉलंडचे खेळाडू आले. १९६० साली रोममध्ये २३ देशांचे सुमारे ४०० खेळाडू जमले. पहिली पॅरालिम्पिक म्हणून आज तीच ओळखली जाते.

१९६६ साली त्यांना 'सर' हा किताब मिळाला. १८ मार्च १९८० रोजी त्यांचे निधन झाले. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकची ज्योत स्टोक मँडेव्हिल येथेच पेटवण्यात आली.

या कथेचा एक धागा आपल्या मराठी मुलखापर्यंत येतो. सांगली जिल्ह्यातील पेठ-इस्लामपूरचे जवान मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. १९७२ साली पश्चिम जर्मनीतील हायडेलबर्ग येथे झालेल्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर पोहण्याची शर्यत जिंकली. भारताचे ते पहिले पॅरालिम्पिक सुवर्णपदक होय. ज्या देशाने गुटमान यांना परागंदा केले, त्याच देशात, त्यांनीच रुजवलेल्या स्पर्धेत ते मिळाले. २०१८ साली पेटकर यांना पद्मश्री देण्यात आली.

पालकांसाठी दोन शब्द. घरातली आजी पडून खुब्याचे हाड मोडते, आजोबांना अर्धांगवायू होतो, आणि मग अंथरूण सुटत नाही. अशा वेळी औषधांची यादी आपण काळजीने पाळतो, पण कूस बदलणे राहून जाते. आज हवेच्या गाद्या मिळतात, आणि किती वेळाने कूस बदलायची हे डॉक्टर व परिचारिका रोग्यागणिक ठरवून देतात. तरी पाळी लावून, घड्याळ पाहून, रात्रीही उठणारे माणूस लागतेच. टाचा, माकडहाड, खुबे रोज उजेडात पाहावेत. या कामात मुलांनाही जरूर सामील करून घ्यावे.

आणि शाळेच्या विश्वस्तांना एक विनंती. चाकांच्या खुर्चीवरून येणारे मूल उद्या प्रवेश मागायला आले, तर आपल्या दारातल्या पायऱ्या त्याला अडवतील की काय, हे एकदा पाहावे. एक उतार बांधायला खर्च फार येत नाही. मूल दाराशी येण्याआधी तो तयार असावा, असे आम्हाला वाटते.