माधवराव महाराज शिंदे : मोठी रायफल आणि मोठी जबाबदारी

उज्जैनच्या आपल्या मराठी मंडळींना माधवराव महाराज शिंदे हे नाव नवीन नाही. टावर चौकाच्या आसपास ज्या वस्तीला आपण माधवनगर म्हणतो ते नाव त्यांचेच, आणि माधव महाविद्यालयही त्यांच्याच नावाचे. त्यांच्या शिकारीचा विषय निघाला, की काही जण कौतुक करतात आणि काही जण नाक मुरडतात. आमच्या एका तरुण नेमबाज सभासदाने मात्र वेगळाच प्रश्न विचारला. हल्ली परदेशात हौशी शिकारी आपल्या मापाची रायफल घडवून घेतात आणि तिच्यासाठी कारखान्यात न मिळणारे मोठ्या बोअरचे काडतूस स्वतःच बेततात. त्याला वाइल्डकॅट काडतूस म्हणतात. हा प्रकार आजचाच, की महाराजांच्या काळीही होता? उत्तर शोधताना आम्हाला महाराजांचे चरित्रच पुन्हा चाळावे लागले.

महाराजांचा जन्म २० ऑक्टोबर १८७६ रोजी ग्वाल्हेरला झाला. वडील जयाजीराव १८८६ मध्ये वारले, तेव्हा ते दहा वर्षांचेही नव्हते. राज्याचा कारभार काही वर्षे मंडळाने पाहिला आणि १८९४ मध्ये, अठराव्या वर्षी, पूर्ण अधिकार त्यांच्या हाती आले. शिंद्यांची राजधानी १८१० मध्ये उज्जैनहून ग्वाल्हेरला गेली असली, तरी उज्जैन संस्थानातच होते. चीनमधल्या बॉक्सर बंडाच्या वेळी, १९०० मध्ये, त्यांनी ग्वाल्हेर नावाचे इस्पितळ-जहाज सुसज्ज करून दिले आणि स्वतःही चीनला गेले. यंत्रांचे त्यांना विलक्षण वेड होते. ग्वाल्हेरच्या जयविलास महालातली, जेवणाच्या मेजावर फिरणारी चांदीची आगगाडी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. संस्थानात अरुंद रुळांची खरी रेल्वेही त्यांनी वाढवली. अशा माणसाला बंदुकीच्या यंत्रातही गोडी असणार, यात नवल नाही.

महाराजांचे आयुष्य आणि मोठ्या रायफलीचा इतिहास जवळजवळ बरोबरीने चालले. त्यांच्या लहानपणी वाघासाठी काळ्या दारूची ५०० किंवा ५७७ बोअरची एक्सप्रेस रायफल वापरत. बोअर म्हणजे नळीचा व्यास. ५०० म्हणजे अर्धा इंच. काळ्या दारूचा धूर इतका होई, की पहिली गोळी लागली की चुकली, हे धूर विरेपर्यंत कळत नसे. वाघ समोर असताना ते दोन क्षण फार लांब वाटत असतील. १८९८ मध्ये जॉन रिग्बी यांनी बिनधुराच्या कॉर्डाइट दारूचे ४५० नायट्रो एक्सप्रेस काडतूस आणले. गोळी ४८० ग्रेनची, म्हणजे साधारण ३१ ग्रॅमची. आपल्या जुन्या मापात अडीच तोळ्यांहून थोडी अधिक. वेग सेकंदाला सुमारे २१५० फूट. महाराज तेव्हा बाविशीत होते. थोड्याच वर्षांत हे काडतूस हिंदुस्थानातल्या मोठ्या शिकारीचे जणू मानक झाले.

मग १९०७ च्या सुमारास सरकारने हिंदुस्थानात आणि सुदानमध्ये ४५० बोअरची काडतुसे आणायला बंदी घातली. लष्कराच्या जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुकाही ४५० च्याच होत्या. त्यातल्या पुष्कळ बंदुका सरहद्दीवरच्या टोळ्यांच्या आणि बंडखोरांच्या हाती गेल्या होत्या, त्यांना दारूगोळा मिळू नये हा हेतू. शिकाऱ्यांचे आवडते माप एका फर्मानाने बाद झाले.

लंडनच्या बंदूकवाल्यांनी यावर जी युक्ती काढली, ती आजच्या वाइल्डकॅटवाल्यांच्या युक्तीची सख्खी बहीणच. हॉलंड अँड हॉलंड यांनी जाड पितळी नळकांडे घेऊन त्याचे तोंड जरा वेगळ्या मापाला आवळले आणि १९०७ मध्ये ५००/४६५ नायट्रो एक्सप्रेस तयार केले. जोसेफ लँग यांचे ४७० आधीपासून होते, त्याला आता जोर आला. वेस्टली रिचर्ड्स यांनी ४७६ आणले, कुणी ४७५ आणले. फरक इतकाच, की हे घरगुती प्रयोग राहिले नाहीत. नामांकित पेढ्यांनी त्या मापाच्या रायफली आणि काडतुसे दोन्ही नियमित विकली.

आता यातले कोणते निवडावे? आम्ही बँकेत आयुष्य काढले, आकडे समोर आले की तक्ता मांडायची सवय आहे. तक्ता मांडला तर ४६५ ची गोळी ४८० ग्रेनची, ४७० ची ५०० ग्रेनची, वेग दोघींचा जवळपास तोच. वाघाला या फरकाने काहीच वेगळे झाले नसते. निवड ठरवणाऱ्या गोष्टी दुसऱ्याच होत्या.

पहिली गोष्ट उष्णतेची. कॉर्डाइट तापले, की काडतुसातला दाब वाढतो. मे महिन्यातल्या आपल्या माळव्याच्या उन्हात रायफल मचाणावर तासभर पडून राहिली, तर लंडनच्या थंडीत नीट चालणारे कडक काडतूस नळीत अडकून बसू शकते. म्हणून हिंदुस्थानासाठी नळकांडे मुद्दाम मोठे आणि दाब कमी, अशी रचना पसंत करत.

दुसरी गोष्ट पुरवठ्याची. एकाच पेढीचे खास काडतूस असेल, तर ते लंडनहून बोटीने मुंबईला आणि तिथून रेल्वेने यायचे. संस्थानिकाला हे परवडे. जंगल खात्यातल्या साध्या अधिकाऱ्याला ऐन वेळी पेटी संपली, तर रायफल भिंतीला टांगण्यापुरतीच उरे.

तिसरी गोष्ट घडणीची. दुनळी रायफल मालकाच्या खांद्याच्या आणि हाताच्या मापाने बनवत. दोन्ही नळ्यांच्या गोळ्या ठरावीक अंतरावर एकाच जागी पडाव्यात, म्हणून कारागीर गोळ्या झाडून पाहत आणि नळ्या पुन्हा पुन्हा जुळवत. ही जुळणी एका ठरावीक गोळीसाठी आणि ठरावीक दारूसाठीच असे. काडतूस बदलले की सगळी मेहनत वाया. म्हणजे काडतूस आधी ठरवायचे आणि रायफल मागाहून. वाइल्डकॅटच्या मागे लागणाऱ्या आजच्या तरुणांनीही हा क्रम ध्यानात ठेवावा.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, ती म्हणजे माणसांची. ग्वाल्हेरच्या शिकारीत हाका असे. गावची माणसे ओळीने आरडाओरडा करत, डबे-ढोल वाजवत जंगल पिंजत येत आणि वाघ पुढे निघे. पाहुण्याची गोळी अर्धवट लागली, तर जखमी वाघ नाल्यातल्या झुडपात शिरे. त्याच्यासमोर हाकेकरी उभे असत, तेही हातात काठी घेऊन. त्याला तसाच सोडला, तर पुढे गुराखी आणि लाकूडतोडे सापडत. म्हणून ज्याने जखमी केला त्यानेच मागे जाऊन त्याला संपवायचे, असा शिकारीचा दंडक होता. दाट झुडपातून वाघ दहा हातांवर येतो तेव्हा दोन चाप, दोन स्वतंत्र यंत्रणा आणि तत्काळ दुसरी गोळी यांची किंमत कळते. मोठा बोअर वाघाच्या कातड्यासाठी लागत नसे. तो मागे उभ्या असलेल्या माणसांसाठी लागे.

महाराजांच्या गळ्यात ही जबाबदारी यजमान म्हणून सतत होती. १९०५ मध्ये युवराज जॉर्ज आणि १९२२ मध्ये युवराज एडवर्ड ग्वाल्हेरला पाहुणे होते. पंचम जॉर्ज यांच्या मुक्कामासाठी १९११ मध्ये शिवपुरीच्या जंगलात जॉर्ज कॅसल बांधला गेला. राजघराण्याशी असलेला स्नेह इतका, की महाराजांनी मुलांची नावेही जॉर्ज जिवाजीराव आणि मेरी कमलाराजे अशी ठेवली. अशा पाहुण्यांच्या केसालाही धक्का लागणे परवडणारे नव्हते. १९२० मध्ये महाराजांनी वाघाच्या शिकारीवर इंग्रजीत एक मार्गदर्शक पुस्तकच लिहिले. हौस भागवणारा माणूस पुस्तक लिहीत बसत नाही. व्यवस्था लावणारा लिहितो.

तरी सगळीच व्यवस्था जमली असे नाही. संस्थानात सिंह असावेत म्हणून त्यांनी आफ्रिकेतून सिंह आणवले आणि पुढे जंगलात सोडले. ते सिंह गुरांवर आणि माणसांवरही पडू लागले, प्रयोग फसला आणि त्याची किंमत गावकऱ्यांनी मोजली. त्यांच्या काळात संस्थानिकांच्या बंदुकांनी किती वाघ टिपले, हेही विसरून चालणार नाही. चांगल्या काडतुसाने जनावर कमी तडफडते, पण मरते ते मरतेच.

उज्जैनच्या खात्यावर मात्र त्यांची जमा मोठी आहे. कालियादेह महालाची दुरुस्ती त्यांनी १९२० मध्ये केली आणि जयसिंगांच्या वेधशाळेला १९२३ मध्ये पुन्हा उभे केले. गोविंद सदाशिव आपटे यांच्यासारख्या मराठी ज्योतिर्विदाने पुढे तिथे काम सांभाळले. त्यानंतर दोनच वर्षांनी, ५ जून १९२५ रोजी, महाराज पॅरिसमध्ये वारले. वय पन्नासही नव्हते. शिवपुरीला त्यांनी आई सख्याराजे यांची छत्री बांधली होती. तिच्या समोरच आज त्यांची छत्री आहे.

शिकारीसाठी राखलेले शिवपुरीचे जंगल पुढे माधव राष्ट्रीय उद्यान झाले. तिथून वाघ नाहीसे झाले होते. २०२३ मध्ये बाहेरून वाघ आणून सोडले आणि २०२५ मध्ये त्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. जॉर्ज कॅसल अजून उभा आहे. समाजाची पुढची सहल शिवपुरीला काढावी, अशी आमची सूचना आहे. छत्रीतले संगमरवरी काम पाहावे, कॅसलच्या गच्चीवरून तळे पाहावे आणि आमच्या तरुण नेमबाज मित्राला ४६५ आणि ४७० मधला फरक सगळ्यांना समजावून सांगायला लावावा. हाकेकऱ्यांची गोष्ट आम्ही सांगू.