संत जेरोम आणि त्यांचे शंकाकार

पवित्र शास्त्र वाचतांना मनांत शंका आली, तर ती बोलून दाखवावी कीं गिळून टाकावी, हा प्रश्न आमच्या लोकांत पुष्कळांस पडतो. शंका म्हणजे अश्रद्धा असें समजून कित्येक भाविक जन्मभर गप्प राहतात. दुसरे कित्येक उत्तर न मिळाल्यामुळें हळूहळू शास्त्र उघडणेंच सोडून देतात. ह्या महोत्सवी अंकासाठीं एखादें संतचरित्र लिहावें असें आम्हांस सांगण्यांत आलें, तेव्हां ज्याच्या आयुष्याचा मोठा भाग दुसऱ्यांच्या शंकांचें निरसन करण्यांत गेला अशाच सत्पुरुषाचें चरित्र आम्ही निवडलें.

संत जेरोम यांचा जन्म सुमारें सन 347 मध्यें, दाल्मातिया व पानोनिया ह्या रोमन प्रांतांच्या सरहद्दीवरील स्त्रिदोन नांवाच्या गांवीं झाला. आईबाप ख्रिस्ती असून खाऊनपिऊन सुखी होते. त्यांनीं मुलास विद्येसाठीं रोमला धाडलें. तेथें दोनातस ह्या नामांकित वैयाकरणाच्या हाताखालीं त्यांनीं लॅटिन वाङ्मयाचा अभ्यास केला, आणि तेथेंच त्यांचा बाप्तिस्मा झाला. ख्रिस्ती घरांतील मुलांसही त्या काळीं पुष्कळदां मोठेपणींच बाप्तिस्मा मिळत असे. रविवारीं सोबत्यांबरोबर भुयारी कबरस्थानांत उतरून हुतात्म्यांच्या कबरींचें दर्शन घ्यावें, असा त्यांचा परिपाठ होता. परंतु मनाची खरी ओढ सिसेरोसारख्या लेखकांकडे होती. संदेष्ट्यांची भाषा त्यांना ओबडधोबड वाटे.

पुढें ते पूर्वेकडे अंत्युखियास गेले असतां तापानें अगदीं मरणोन्मुख झाले. त्या स्थितींत आपण न्यायासनापुढें उभे आहों असें त्यांनीं पाहिलें. मी ख्रिस्ती आहे, असें त्यांनीं सांगतांच न्यायाधीशानें तें खोटें ठरविलें, त्यांना सिसेरोचा शिष्य म्हटलें, आणि फटके मारण्याची आज्ञा केली. ही हकीकत त्यांनीं स्वतःच एका पत्रांत लिहून ठेविली आहे. बरें झाल्यावर ते खाल्किसच्या रानांत तपश्चर्येस गेले, आणि तेथें बाप्तिस्मा घेतलेल्या एका यहुद्यापाशीं हिब्रू भाषा शिकूं लागले. लॅटिनच्या मधुर वाक्यांस सरावलेल्या जिभेस ते घशांतले उच्चार जमेनात. कितीएक वेळां त्यांनीं तो अभ्यास निराशेनें सोडला आणि पुनः हातीं घेतला.

गुरु म्हणून प्रसिद्ध होण्यापूर्वीं जेरोम हे स्वतःच एक चिकट शंकाकार होते. कॉन्स्टँटिनोपल येथें असतांना त्यांनीं नाझियान्झचे संत ग्रेगरी यांस, लूकच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायांत एका शब्बाथास जें एक विचित्र विशेषण लावलेलें कांहीं प्रतींत आढळतें त्याचा अर्थ विचारला. ग्रेगरी हे मोठे वक्ते. त्यांनीं हंसून उत्तर दिलें कीं, तें आपण चर्चमध्यें प्रवचनांत सांगूं. तेथें सर्व लोक टाळ्या वाजवूं लागले म्हणजे तुला न कळलेलेंही कळल्यासारखें दाखवावें लागेल. ही थट्टा जेरोम यांच्या चांगलीच लक्षांत राहिली. बोलण्याच्या ओघानें अडाणी श्रोत्यांस दिपविणें फार सोपें असतें, असें बजावण्यासाठीं त्यांनीं ती पुढें एका तरुण धर्मगुरूस लिहून कळविली.

सन 382 मध्यें ते रोमला परत आले व पोप दमासस यांचे चिटणीस झाले. लॅटिन शुभवर्तमानांच्या निरनिराळ्या प्रतींत इतके पाठभेद माजले होते कीं, खरा पाठ कोणता हें कळेना; तेव्हां मूळ ग्रीकशीं ताडून त्या सुधाराव्या, असें काम पोपसाहेबांनीं त्यांच्यावर सोपविलें. खुद्द पोपसाहेबही त्यांना शंका विचारीत. होसान्ना ह्या शब्दाचा अर्थ काय? काइनास मारणाऱ्यावर सातपट सूड येईल असें म्हटलें आहे तें कसें समजावें? इसहाक तर नीतिमान, मग न कळत भलत्याच मुलास आशीर्वाद देण्याची चूक त्याच्या हातून देवानें कां होऊं दिली? एका पत्रांत असे पांच प्रश्न आले. त्यांपैकीं तिघांचीं उत्तरें जेरोम यांनीं लिहिलीं, आणि उरलेल्या दोहोंविषयीं पूर्वींच्या ग्रंथकारांनीं पुरेसें लिहिलें आहे असें कळविलें. पेत्राच्या आसनावर बसलेल्या पुरुषास आपल्या चिटणीसापाशीं शंका विचारण्यांत कमीपणा वाटला नाहीं, ही गोष्ट आम्हांस त्या उत्तरांहूनही मोलाची वाटते.

रोममधील अव्हेंटाइन टेकडीवर मार्सेला नांवाची एक कुलीन विधवा राहत असे. लग्नानंतर अवघ्या सात महिन्यांत तिचा पति वारला. दुसरें लग्न नाकारून तिनें आपला वाडा प्रार्थनेस व शास्त्राभ्यासास दिला होता, आणि तेथें पौला, तिच्या मुली व इतर स्त्रिया जमत. जेरोम शहरांत आले आहेत हें कळतांच मार्सेलेनें त्यांना गांठलें. ते संकोची होते, स्त्रियांच्या दृष्टीस पडण्याचें टाळीत. पण ह्या बाईपुढें त्यांचें कांहीं चाललें नाहीं. भेट झाली कीं तिचा एखादा प्रश्न असावयाचाच. आलेलूया, आमेन हे शब्द भाषांतर न करतां तसेच कां ठेविले? स्तोत्रांत मध्येंच येणाऱ्या सेला ह्या शब्दाचा अर्थ काय? पुनरुत्थित प्रभूनें मग्दालियेस स्पर्श करूं दिला नाहीं, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानांत तर स्त्रियांनीं त्याचे पाय धरले असें आहे, हें जुळतें कसें?

गुरु सांगेल तें मान डोलावून मान्य करणें हें तिच्या स्वभावांतच नव्हतें. ती उलट बाजू मांडी, आणि वादांतून खरें काय तें निघेपर्यंत सोडीत नसे. त्यामुळें आपल्यापुढें शिष्यीण बसली नसून न्यायाधीश बसला आहे, असें जेरोम यांना वाटे, आणि त्यांनीं तसें लिहिलेंही आहे. ते रोम सोडून गेल्यानंतर शास्त्रार्थावरून वाद पडला, तर लोक, धर्मगुरुसुद्धां, मार्सेलेकडे येत. ती उत्तर देई; पण तें आपलें नव्हे, जेरोम यांचें किंवा दुसऱ्या कोणाचें आहे असें सांगे. विचारणाऱ्या पुरुषांचा मान राहावा एवढाच तिचा हेतु होता. विद्वत्तेबरोबर एवढी समज क्वचितच असते, आणि खरें सांगावयाचें तर तिच्या गुरूपाशीं ती नव्हती.

कारण जेरोम यांची जीभ फार तिखट. रोममधील ऐषारामी धर्मगुरूंवर त्यांनीं असे कोरडे ओढले कीं, शहरांत त्यांना शत्रु पुष्कळ झाले. त्यांतच सन 384 मध्यें पौलेची तरुण मुलगी ब्लेसिल्ला ही आजारी पडून वारली. उपासतापासांनीं मुलीचा जीव घेतला, असा लोकांनीं बोभाटा केला, आणि त्याचें खापर जेरोम यांच्यावर फुटलें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत पोप दमासस निवर्तले. आतां पाठीराखा कोणी उरला नाहीं. सन 385 मध्यें जेरोम यांनीं रोम कायमचें सोडलें. मागोमाग पौला व तिची कन्या युस्तोखियम ह्याही निघाल्या. पवित्र भूमि व मिसर देश पाहून सर्व मंडळी सन 386 मध्यें बेथलेहेमास स्थायिक झाली. पौलेच्या पैशानें तेथें मठ, स्त्रियांचे आश्रम व यात्रेकरूंसाठीं धर्मशाळा उभी राहिली.

प्रभूच्या जन्मस्थानाजवळ जेरोम यांनीं चौतीस वर्षें घालविलीं. जुन्या कराराचें थेट हिब्रूवरून लॅटिन भाषांतर करण्याचा जो प्रचंड उद्योग त्यांनीं सुमारें पंधरा वर्षें केला, तो येथेंच. वुल्गाता ह्या नांवानें पुढें सर्वमान्य झालेल्या बायबलचा मोठा भाग तोच होय. हिब्रूंतील अडचणी सोडविण्यासाठीं त्यांनीं एका यहुदी पंडितास द्रव्य देऊन ठेविलें. तो स्वजातीयांच्या भयानें रात्रीं येई. जेरोम त्याला गमतीनें दुसरा निकदेम म्हणत. पौला व युस्तोखियम यांनींही हिब्रू शिकून घेतलें, आणि पौला तर त्या भाषेंत स्तोत्रें अशीं गाई कीं उच्चारांत लॅटिनचा वासही येत नसे.

आणि प्रश्न येतच होते, आतां समुद्रापलीकडून. गॉल देशाहून हेदिबिया नांवाच्या बाईनें बारा प्रश्न पाठविले, अल्गासियेनें अकरा. हेदिबियेचा पहिला प्रश्न शास्त्रवचनाचा नव्हताच. निपुत्रिक विधवेनें कसें जगावें, असा होता. पुनरुत्थानाची वेळ चारी शुभवर्तमानांत निरनिराळी कां दिसते, हें मागाहून. बाप्तिस्मा देणाऱ्या योहानानें प्रभूस प्रत्यक्ष ओळखलें असतां, येणारा तूंच काय असें विचारावयास शिष्य कां पाठविले, हा अल्गासियेचा प्रश्न तर आजही आगमनकाळांत कोणाच्या ना कोणाच्या मनांत येतोच. स्पेनमधील लुसिनियस ह्या श्रीमंत गृहस्थानें जेरोम यांचे ग्रंथ उतरून घेण्यासाठीं सहा लेखक बेथलेहेमास पाठविले, व सोबत शनिवारीं उपास करावा कीं काय, आणि पवित्र ख्रिस्तशरीर रोज घ्यावें कीं काय, असें विचारलें. श्रद्धेस बाध येत नसेल तर आपल्या प्रांतांत वाडवडिलांपासून चालत आलेला रिवाज पाळावा, असें उत्तर गेलें. पौलेची सून लेता हिनें मुलीस कसें वाढवावें हें विचारलें, तेव्हां ह्या कठोर तपस्व्यानें लांकडाचीं किंवा हस्तिदंताचीं अक्षरें करून मुलीस खेळावयास द्यावींत, असा सल्ला दिला. आमच्याकडे फादर स्टीफन्स यांच्या सन 1616 मध्यें प्रसिद्ध झालेल्या क्रिस्तपुराणांतही श्रोते शंका विचारतात व पाद्री उत्तर देतात; ती प्रश्नोत्तरांची चाल ख्रिस्तसभेंत किती जुनी आहे, हें ह्या पत्रांवरून कळतें.

सर्वांत गाजलेला वाद मात्र दोन संतांमधला. आफ्रिकेंतील संत ऑगस्टिन हे वयानें लहान. गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायांत संत पौल यांनीं संत पेत्र यांना सर्वांदेखत दोष दिला आहे. तो प्रकार लोकांच्या हितासाठीं दोघांनीं मुद्दाम घडवून आणला, खरा वाद तेथें नव्हताच, असें जेरोम यांनीं जुन्या ग्रीक भाष्यकारांस अनुसरून लिहिलें होतें. पेत्र यांची अब्रू राखावी हा उद्देश. ऑगस्टिन यांस हें मुळींच पटलें नाहीं. प्रेषितानें चांगल्या हेतूनेंही खोटें लिहिलें असें एकदां मानलें, म्हणजे शास्त्रांतील कोणतें वचन सुरक्षित राहील, असें त्यांनीं विचारलें. दुर्दैवानें तें पत्र जेरोम यांस मिळण्यापूर्वीं रोममध्यें हातोहातीं फिरलें. आपल्या पाठीमागें आपली निंदा चालली आहे, असें म्हाताऱ्यास वाटलें. थकलेला बैल पाय अधिक जड टाकतो, असा त्यांनीं इशारा दिला.

त्यांतच सन 403 च्या एका पत्रांत ऑगस्टिन यांनीं एक घडलेली गोष्ट कळविली. आजच्या त्रिपोलीच्या जागीं ओएया नांवाचें शहर होतें. तेथील बिशपांनीं चर्चमध्यें योनाचें पुस्तक जेरोम यांच्या नव्या भाषांतरांतून वाचविलें. योनाच्या डोक्यावर सावली धरणारी वनस्पति जुन्या पाठांत भोपळ्याचा वेल होती. नव्यांत आयव्ही नांवाची दुसरीच वेल आली. पिढ्यान्पिढ्या कानांत बसलेला शब्द बदललेला ऐकून लोकांनीं एवढा गोंधळ केला कीं, बिशपांना मंडळी सोडून जाईल अशी धास्ती पडली. तेथील यहुद्यांस विचारलें, तर त्यांनींही जुन्याच शब्दास कौल दिला. शेवटीं बिशपांनीं माघार घेतली.

वाचकांस हें हास्यास्पद वाटेल. पण लहानपणापासून पाठ असलेल्या प्रार्थनेंतला एक शब्द बदलला, तर आमच्या कानांस तरी कोठें सहन होतें? ऑगस्टिन यांस श्रद्धाळू लोकांच्या मनाचा भंग होऊं नये याची काळजी. जेरोम यांस मूळ शब्दाशीं प्रामाणिक राहण्याची. दोघांनींही आपापला मुद्दा सोडला नाहीं. जेरोम यांनीं उत्तर दिलें कीं, ती वनस्पति वेल नव्हेच. रुंद पानांचें, आपल्याच खोडावर उभें राहणारें व झपाट्यानें वाढणारें तें झुडूप आहे. लॅटिनमध्यें त्यास नांव नसल्यामुळें पूर्वींच्या भाषांतरकारांस अनुसरून आपण आयव्ही लिहिलें. आजचे बहुतेक पंडित त्या वर्णनावरून तें एरंडाचें झाड समजतात. ओसाड गांवीं बळी ठरणाऱ्या ह्या झाडासाठीं दोन मोठे धर्मपंडित भांडले, हें आमच्या शेतकरी बांधवांस ऐकून मौज वाटेल.

परंतु पत्रें चालूं राहिलीं आणि मनें निवळलीं. ऑगस्टिन यांनीं नम्रपणें क्षमा मागितली. पुढें पेलागियसच्या पाखंडाविरुद्ध दोघे एका बाजूस उभे राहिले, आणि गलतीकरांच्या त्या प्रसंगाविषयींही जेरोम अखेरीस ऑगस्टिन यांच्या मताकडे झुकलेले दिसतात. रुफिनस ह्या तरुणपणच्या जिवलग मित्राशीं झालेलें भांडण मात्र मिटलें नाहीं. तो मेल्यावरही जेरोम यांची लेखणी त्याच्यावर चालत राहिली. संताच्या चरित्रांत ही गोष्ट झांकून ठेवावी असें आम्हांस वाटत नाहीं.

अखेरचीं वर्षें दुःखाचीं गेलीं. सन 404 मध्यें पौला वारली. सन 410 मध्यें गॉथ लोकांनीं रोम लुटलें. लपविलेलें सोनें दाखव म्हणून त्यांनीं वृद्ध मार्सेलेस मारहाण केली. आपल्याबरोबरच्या प्रिंकिपिया ह्या तरुण कुमारिकेस हात लावूं नये, एवढीच तिची विनवणी होती. ती मान्य झाली, पण मार्सेला थोड्याच काळांत मरण पावली. रोमचे निर्वासित बेथलेहेमच्या दारीं येऊं लागले, तेव्हां जेरोम यांनीं यहेज्केलवरील भाष्य बाजूस ठेवून त्यांची व्यवस्था पाहिली. सन 416 मध्यें दंगेखोरांनीं मठांस आग लावली. डोळे अधू झाले होते. दुसऱ्याकडून वाचवून घेऊन व तोंडानें सांगून ते लेखन करीत. यिर्मयावरील भाष्य बत्तिसाव्या अध्यायापर्यंत आलें, आणि सन 420 च्या सप्टेंबरच्या 30 तारखेस त्यांनीं देह ठेविला. ज्या गुहेंत प्रभूचा जन्म झाला असें मानतात तिच्या शेजारींच त्यांना पुरलें, पौलेच्या कबरीजवळ.