लोहाराचा मुलगा मायकेल फॅरेडे



मायकेल फॅरेडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी इंग्लंडमध्ये लंडनजवळ झाला. वडील लोहार होते, पण सारखे आजारी असत. घरात फार गरिबी. मायकेलला लिहिण्यावाचण्यापुरतंच शिक्षण मिळालं. चौदाव्या वर्षी तो पुस्तकं बांधणाऱ्याकडे कामाला लागला. बांधायला आलेली पुस्तकं तो वाचून काढी! त्यातूनच त्याला विजेची गोडी लागली. १८१२ साली त्यानं सर हंफ्री डेव्ही या शास्त्रज्ञाची व्याख्यानं ऐकली. ती नीट लिहून, चित्रं काढून, पुस्तक बांधून डेव्हींनाच पाठवलं. मग काय, १८१३ मध्ये त्याला रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेत मदतनीसाची नोकरी मिळाली.

पुढे १८३१ साली फॅरेडे यांनी चुंबकाच्या साहाय्याने वीज निर्माण केली. पण मला त्यांचा दुसरा शोध जास्त आवडतो.

दिवाळीच्या सुट्टीत मी पुण्याला मामांकडे कसबा पेठेत गेलो होतो. तिथल्या तांबट आळीत हातोडीची ठकठक चालू असते. तांबं कारखान्यात विजेनं शुद्ध करतात, हे मामांनी मला सांगितलं. मोरचुदाच्या पाण्यात अशुद्ध आणि शुद्ध तांब्याच्या पट्ट्या सोडून त्यांतून वीज नेतात. अशुद्ध पट्टी झिजते नी दुसरीवर शुद्ध तांबं चढतं. या पट्ट्यांना विद्युत अग्र म्हणतात. वीज दुप्पट सोडली की तांबंही दुप्पट चढतं. हा नियम फॅरेडे यांनी १८३३-३४ च्या सुमारास मोजमाप करून सिद्ध केला.

म्हणजेच, वीज मोजली की धातू किती तेही कळतं! पाण्यातलं शिसं डोळ्यांना दिसत नाही, पण मुलांच्या मेंदूला अपाय करतं. ते ओळखायला आता शास्त्रज्ञ विद्युत अग्राची बारीक तार विजेनं तापवतात. भांड्यातलं पाणी थंडच राहतं. तारेजवळचं पाणी मात्र तापून हलतं, नवं पाणी तारेकडे येतं, त्यामुळे अगदी थोडं शिसंसुद्धा सापडतं.

फॅरेडे मुलांसाठी नाताळात व्याख्यानं देत. २५ ऑगस्ट १८६७ रोजी ते वारले.

आमच्या वर्गातले दोघं यंदा शाळा सोडून कामाला लागले. त्यांना मी शाळेच्या पेटीतली पुस्तकं नेऊन देतो. हाताला काम लागलं तरी वाचन सुटता कामा नये, हेच फॅरेडे यांच्या चरित्रातून शिकायचं.

– इयत्ता ७ वी